संत्र्याच्या बागेतला खोटा पाऊस

मी काय काम करते, हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. शेजारणीने विचारलं की ती म्हणते, "सिनेमात असते. लक्ष ठेवते." कशावर, ते ती सांगत नाही. आणि अमरावतीत, मुलगी सिनेमात आहे एवढं कळल्यावर उरलेलं विचारण्यापेक्षा मनाने ठरवणं लोकांना सोपं जातं.

पण आईचं उत्तर बरोबर आहे. मी लक्ष ठेवते.

आपण सिनेमा ज्या क्रमाने पाहतो, त्या क्रमाने तो काढलेला नसतो. नायक गुहेत शिरतो तो अकोल्यातल्या एका गोदामात, आणि गुहेच्या दारापर्यंत पळत येतो ते दीड-दोन महिन्यांनंतर, वरूड तालुक्यातल्या एका बागेत. पडद्यावर मात्र त्याने एकच पाऊल टाकलेलं असतं. त्या एका पावलात शर्टाची बटणं, बाहीवरचा चिखल, खांद्यावरच्या दोराचे वेढे, काहीही बदलून चालत नाही. ते बदललं नाही ना, हे पाहणारं माणूस युनिटमध्ये एकच असतं. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. प्रत्येक शॉटनंतर मी फोनवर फोटो काढते आणि पुढच्या शॉटआधी तो फोटो आणि समोरचं माणूस ताडून पाहते. काम नीट झालं तर प्रेक्षकाला ते दिसतच नाही. दिसलं, म्हणजे चुकलं. कुणाला दिसू नये अशी नोकरी मला मिळाली, याचं माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना मुळीच नवल वाटलं नाही.

मोठ्या युनिटांबरोबरही मी काम केलं आहे. तिथे जेवण वेळेवर मिळतं आणि कुणी कुणाशी बोलत नाही. पण कामाबद्दल लिहायचं म्हटलं की मला आमच्याच वऱ्हाडात झालेला एक सिनेमा आठवतो. त्याचं नाव 'भुलदरीचा खजिना'. पाच माणसं, एक फाटका नकाशा, जंगल, अजगर, वाघ, शापित गुहा आणि शेवटी सोन्याने भरलेली पेटी. संवाद सगळे वऱ्हाडीत.

लेखक, दिग्दर्शक आणि पैसे घालणारे एकच, अकोल्याचे जमीरभाई. धंदा मंडप-डेकोरेशनचा. लहानपणी तिकिटाला पैसे नसायचे तेव्हा टॉकीजचा दारवान त्यांना पडद्यामागे बसू द्यायचा, त्यामुळे जंगलाचे सगळे सिनेमे त्यांनी उलट्या बाजूने पाहिले होते. "म्हून माह्या डोक्यात सगळे हिरो डावखुरे हायेत," असं ते सांगायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी इंग्लिश शाळेतल्या ना?"

"हो."

"मंग चुका मले इंग्लिशमधून सांगजा. मराठीत सांगतल्या की मले राग येते."

त्यांच्या गोदामात गुहा उभी राहिली ती मंडपाच्या बल्ल्या, गोणपाट आणि थर्माकोल यांची. शापित राजाचं सिंहासन म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनचा लाल मखमली सोफा होता. अजगर शेतातल्या जाड पाइपाचा. खजिन्याची पेटी म्हणजे संत्री भरायची लाकडी पेटी, काळा रंग मारलेली. तिच्या एका फळीवर बागायतदाराचं नाव राहून गेलं होतं. ते मी पाहिलं, सांगितलं, आणि त्यावर तेवढ्यापुरती एक कवटी ठेवण्यात आली.

'सांगितलं' हा शब्द मी सहज लिहिला, पण माझी खरी अडचण तीच होती. मला दिसायचं सगळं. सांगताना आवाज बाहेर यायचा नाही.

नायक होता विक्की. अकोल्यात जिम चालवणारा, दंडाने दार अडवणारा आणि स्वभावाने अगदी गरीब. त्याच्या कपाळावर डाव्या बाजूला जखम होती, रंगाची. एकदा मेकअपवाल्याने ती विक्कीच्या सेल्फीत पाहून काढली. सेल्फीत बाजू उलटी होते, त्यामुळे जखम उजवीकडे गेली. मी सांगितलं. शॉट झाला. मी पुन्हा सांगितलं.

"आता सांगता?" जमीरभाई म्हणाले.

"आधीही सांगितलं होतं."

"कोणाले?"

"तुम्हाला."

"मले तं आइकू नाई आलं, बापा." त्यांनी थोडा विचार केला. "चालते. याले दुसऱ्या बाजूनंबी लागलं म्हून दाखवू."

मग एक दगड विक्कीच्या दिशेने फेकण्यात आला, आणि उरलेला सिनेमा तो कपाळाच्या दोन्ही बाजूंना जखमा घेऊन हिंडला. जमीरभाईंची ही पद्धत मला हळूहळू कळली. चूक झाली की ते ती खोडत नसत. गोष्टीत ओढून घेत. मंडपाच्या धंद्यात खांब वाकडा बसला तर त्याला फुलांची माळ गुंडाळतात, तसं.

वाघाचंही तसंच झालं. आमचा वाघ बाळापूरचे गफूरचाचा माणसाच्या अंगावर रंगवायचे. मोहरममध्ये नवस फेडायला माणसं अंगावर वाघ रंगवून घेतात आणि ताशावर नाचतात, त्यातले ते जुने रंगारी. सिनेमासाठी त्यांनी रंग वेगळे आणले होते. "तो वाघ मन्नतीचा असते बेटी, त्याले हात नाई लावाचा. हा पोटापाण्याचा." दुसऱ्या दिवशी वाघ तयार झाला आणि मी फोन घेऊन त्याच्याभोवती फिरले.

"चाचा, काल खांद्यावरचे पट्टे आडवे होते. आज तिरपे आहेत."

"जंगलात दोन वाघ एकासारखे पायले का तुनं?"

"पण हा कालचाच वाघ आहे."

"कालचा कसा? कालचा धुतला ना संध्याकाळी."

जमीरभाईंनी सिनेमात दोन वाघ केले. मी हसले, तेव्हा गफूरचाचा म्हणाले, "हसते बी का ही!" त्यानंतर मी बरेच दिवस हसताना आजूबाजूला पाहत असे.

आता जंगल. मेळघाट जवळ आहे, पण खऱ्या वाघांच्या घरी खोटा वाघ न्यायचा तर परवानग्यांना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. म्हणून जंगल शोधलं ते शेंदूरजनाघाटच्या एका संत्राबागेत. बाग जुनी, फांद्या एकमेकींत शिरलेल्या. यंदा फळच धरलं नव्हतं, त्यामुळे झाडांवर एकही संत्रं नव्हतं. कॅमेरा जमिनीजवळ लावला आणि पुढे चार जंगली वेली सोडल्या की भुलदरी तयार.

बाग मंदाकाकूंची. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, डोक्याला रुमाल बांधून बागेत फिरणाऱ्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी यातली बरीच कलमं त्यांनी स्वतः लावली होती. त्यांनी भाडं घेतलं नाही, अटी घातल्या.

"झाडाची फांदी मोडाची नाई. अन् पाणी नाई द्याचं. एक थेंब नाई."

"एक थेंब नाई, ताई," जमीरभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. "जबान."

हा पाण्याचा मामला मला माहीत नव्हता, म्हणून बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संत्र्याच्या झाडाला हिवाळ्यात मुद्दाम तहानलेलं ठेवतात. त्याला ताण देणं म्हणतात. जमिनीला भेगा पडतात, पानं मळकी होतात, कडेने वळतात, काही गळतात. पाहणाऱ्याला वाटावं, झाड चाललं. मग नेमक्या वेळी पाणी सोडायचं, की दमलेलं झाड एकदम फुलांनी भरतं. याला आंबिया बहार म्हणतात आणि वर्षाचं फळ त्याच फुलांतून येतं. पण मधेच पाणी मिळालं तर झाड पुन्हा पानांतच रमतं आणि फुलायचं विसरतं.

मागच्या हिवाळ्यात ताण पुरा होत आला असतानाच अवकाळी पाऊस झाला होता आणि काकूंच्या बागेत फुलं आलीच नव्हती. घरात बोलणं झालं. त्यांचे दीर, गजाननभाऊ, वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. बाग म्हातारी झाली, ती काढून तूर-सोयाबीन घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी एक वर्ष मागून घेतलं होतं. बाग अशी दुसऱ्यांदा रिकामी गेली तर जेसीबी लावायचा, हे ठरलेलं होतं. काकूंनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तूर निवडता निवडता, आवाज न बदलता.

मला का सांगितलं, त्याचं कारण माझा फोन. शूटिंग संपलं की मी काकूंच्या ओट्यावर बसून दिवसभराचे फोटो पाहायची. काकू येऊन शेजारी बसायच्या.

"दाखव बरं माही झाडं."

मी विक्कीचा फोटो दाखवायची.

"हा बाबू बाजूला सरकव न."

"तो फोटोतच आहे, काकू. सरकवता येत नाही."

"येवढा मोठा कायले होऊन राहिला तो? माहं झाड झाकलं त्यानं."

मग मी फोटो मोठा करून विक्कीला कडेला लोटायची आणि त्याच्या खांद्यामागची पानं दाखवायची. रोज त्याच जागी, त्याच कोनातून काढलेले फोटो होते. एकामागून एक पाहिले की पानं दिवसादिवसाने वळताना दिसत. काकू रोज बागेत असायच्या, त्यांना हे नवीन नव्हतं. पण पहिल्या दिवसाचं आणि आजचं झाड शेजारी शेजारी पाहायला त्यांना आवडायचं. "बसून राहिला ताण," त्या पुटपुटायच्या, जसं एखाद्याने तापाच्या माणसाच्या कपाळाला हात लावून सांगावं. मला माझ्या कामाबद्दल आवडलेलं पहिलं वाक्य तेच असावं.

माझ्या पंचाइतीचा भाग वेगळाच होता. पानं वळत होती, म्हणजे जंगल बदलत होतं. जमीरभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "शापित जंगल हाय. सुकतेच."

मग पावसाचा दिवस आला.

गोष्टीत असं होतं की नायक-नायिका भर पावसात जंगलातून पळतात आणि भिजलेले गुहेत शिरतात. गुहेतला भाग अकोल्यात आधीच झाला होता. तिथे त्या दोघांना प्रत्येक शॉटआधी बाटलीने भिजवायचं काम माझंच होतं. कुठला केस कपाळाला चिकटलाय, कुठली बाही जास्त ओली आहे, सगळे फोटो माझ्याकडे होते. म्हणजे पाऊस झालाच नाही, तर ही माणसं गुहेत ओली का, याला सिनेमात उत्तर नव्हतं. विक्की दुसऱ्या दिवशी स्पर्धेला नागपूरला जाणार होता. पाऊस आजच पडायला हवा होता.

जमीरभाईंनी पाण्याचा टँकर आणला. फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर आणला. ते अगदी खुशीत होते. मंदाकाकू वरूडला नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेल्या होत्या आणि गजाननभाऊही त्यांच्याबरोबर होते.

टँकर बागेत शिरताना मी पाहिला आणि मला आधी काहीच कळेना. जबान तर दिली होती. जमीरभाई तसे शब्द मोडणारे नव्हते. मी त्यांच्याजवळ गेले.

"पाणी नको ना टाकायला."

ब्लोअर सुरू होत होता. त्यांनी कानाला हात लावला आणि मान हलवली, म्हणजे नंतर. मी सहायकाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, केस विंचरून झाले, आता काही बदलू नका." मी विक्कीला सांगितलं. त्याने मला अंगठा दाखवला.

"रोलिंग," कॅमेऱ्यामागून आवाज आला.

कंटिन्युइटीच्या माणसाने एक गोष्ट कधीच करायची नसते. फ्रेममध्ये यायचं नसतं. मी चालत गेले आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

ब्लोअर बंद झाला. सगळं युनिट माझ्याकडे पाहत होतं. मला मराठी सुचेना, इंग्रजीही सुचेना.

"काय झालं, मॅडम?" जमीरभाई उठून आले. "जखम चुकली?"

"पाणी," मी म्हणाले. "काकूंना तुम्ही शब्द दिला होता."

"हो. अन् पाळला ना! विहिरीचा थेंब नाई घेतला. टँकर माहा हाय, पैसे देऊन आणला."

तेव्हा मला कळलं. काकूंनी 'पाणी द्यायचं नाही' म्हटलं ते झाडांना. अकोल्यासारख्या पाण्यासाठी थांबावं लागणाऱ्या शहरात वाढलेल्या जमीरभाईंना वाटलं होतं, बाईंना आपली विहीर जपायची आहे. त्या हिशेबाने त्यांनी खर्च करून अट पाळली होती.

मी बोलत बसले नाही. फोन पुढे केला. पहिल्या दिवसाचं झाड, मग दुसऱ्या आठवड्यातलं, मग कालचं. जमीरभाई पाहत राहिले. मग ताण म्हणजे काय, बहार फुटला नाही तर काय ठरलंय, ते मी सांगितलं. मला वाटतं ते मी त्या युनिटमध्ये सलग बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

त्यांनी टँकरवाल्याला हात केला. नळी गुंडाळली गेली. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पाऊस नाई तं पिक्चर नाई," ते म्हणाले, पण कुणाला दोष द्यायच्या आवाजात नाही.

काकू लवकर परतल्या. फाटकातून टँकर पाहिला आणि साडीचा ओचा खोचत धावतच आल्या. "भाऊ! तुमी मले जबान देल्ली होती! माही झाडं माराले निघाले का?"

"ताई, नाई पडलं पाणी. एक थेंब नाई. या पोरीनं नाई पडू देल्लं."

काकूंनी खाली बसून माती हाताने उकरून पाहिली. दोन-तीन झाडांखाली. मग माझ्याकडे पाहिलं. आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा पाठवला. चहा पिताना जमीरभाई झाडांच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्याकडे पाहत होते. पाहता पाहता ते उभे राहिले.

"ताई, तुमच्या गावात ताडपत्र्या किती निघतीन?"

"काहून?"

"मी आयुष्यभर लोकायच्या डोक्यावर पाणी पडू देल्लं नाई. लग्नात पाऊस आला तरी नवरदेव कोरडा ठेवला. आता पायाखाली अडवतो."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मुळाशी गेलं तं?"

"गेलं तं तुमी मले झाडाले बांधजा."

"वरून पानाले लागलं तं चालन. खाली नाई जाऊ द्याचं."

सोयाबीन झाकायला, ट्रॉलीवर टाकायला प्रत्येक घरी ताडपत्री असतेच. निळ्या, पिवळ्या, काळ्या, एकीवर खताच्या कंपनीची जाहिरात. माणसं खांद्यावर टाकून आणत होती. जमीरभाई अनवाणी होऊन ओरडत होते, "चढ अथी पाहिजे! उतार चराकडे!" एकीच्या कडेवर दुसरी, कौलांसारखी, उताराच्या टोकाला पाणी काढून नेणारा चर. वरून सुकलेली पानं. पानं पसरायचं काम माझं होतं, कारण कालच्या शॉटमध्ये जमीन कशी होती ते माझ्याकडे होतं. गजाननभाऊ तोवर आले होते. तेही एका ताडपत्रीचा कोपरा दगडाने दाबून गेले.

ऊन तिरपं होत असताना पाऊस पडला. मी आजपर्यंत पाहिलेल्या पावसांमध्ये तो सगळ्यात खोटा होता, कारण पुढे पाऊस आणि मागे लख्ख ऊन होतं. विक्की आणि नायिका पळत आली. पाणी पानांवरून, पानांखालच्या निळ्या-पिवळ्यावरून खळाळत चराकडे चाललं होतं. काकू कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हत्या. त्या उकिडव्या बसून पाणी कुठे जातंय ते पाहत होत्या. मीही तिकडेच पाहत होते.

म्हणून आम्हा दोघींना ते एकाच वेळी दिसलं. विक्कीच्या बुटाची टाच रुतली आणि ताडपत्री फाटली. कडेच्या एका झाडाच्या आळ्यात पाणी शिरायला लागलं.

"थांबवा!" मी ओरडले. ऐकू आलं सगळ्यांना.

पाऊस बंद झाला. एक झाड भिजलं, बाकीची वाचली. पळण्याचा भाग मिळाला होता. गुहेच्या दाराशी विक्की वळून मागे पाहतो, तो एक शॉट राहिला. विक्की नागपूरला गेला, आम्ही सामान आवरलं, आणि तो शॉट नंतर घ्यायचं ठरलं.

तो 'नंतर' फेब्रुवारीत आला. त्याआधी काकूंचा फोन आला होता. फोनवर त्या मोठ्याने बोलतात, अंतर जास्त असल्यासारखं. "पोरी, पाणी सोडलं. आता पाहू." काही दिवसांनी पुन्हा, "डोळे दिसून राहिले फांदीले." डोळे म्हणजे कोंब, हे मी विचारून घेतलं. मग बरेच दिवस काहीच नाही. मी फोन करावा का, करू नये, यात ते दिवस गेले.

आम्ही बागेच्या फाटकाशी उतरलो, तेव्हा दिसायच्या आधी वास आला. मी शहरातली, मला संत्र्याच्या फुलाचा वास माहीत नव्हता. गोड, पण जड नाही. मग वळण घेतलं, आणि बाग पांढरी होती. पानं दिसत नव्हती इतकी फुलं, आणि मधमाश्यांचा असा गुंजारव की साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. कडेचं एक झाड तेवढं हिरवंगार होतं. तुकतुकीत पानं, फूल एकही नाही. ते आमचं भिजलेलं झाड. काकूंनी त्याच्या खोडावर हात ठेवला. "याचं यंदाचं साल गेलं." मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण बाग उभी राहणार होती, हे सांगायला त्या दिवशी कुणाची गरज नव्हती.

विक्कीला मी बाटलीने भिजवलं, केस फोटोसारखे चिकटवले, दोन्ही जखमा तपासल्या. जमीरभाई कॅमेऱ्यातून पाहून म्हणाले, "मॅडम, मागं हे पांढरं."

"हो."

"पळताना झाडं सुकेल. अन् वळला तं फुलावर आले. एका सेकंदात."

"हो. चूक आहे."

"वरून थोडा पाऊस टाकू? झाकल्या जाईन."

"वरून नको!" काकू ओरडल्या. "फुलं झडतीन. टाकायचं तं खालून टाका."

"खालून पाऊस कसा पाडू, ताई?" जमीरभाई हताश झाले. मग त्यांचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखत होते. "डायलॉग टाकू. शापित जंगल, खजिन्याजवळ आलं की फुलते. विक्की, तू म्हणशीन, 'अरे, हे तं जादूचं...'"

"नको," मी म्हणाले.

"काहून?"

"काहीच बोलायचं नाही. तो नुसता मागे वळून पाहील. असू द्या तसं."

जमीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढे दिवस चुका शोधणारी बाई चूक ठेवा म्हणत होती, आणि तीही माळ न गुंडाळता. "लिहून देता?" त्यांनी विचारलं.

"देते."

शॉट झाला. मी फोटो काढला. तो कशाशीच जुळत नाही, तरी फोनमधून काढून टाकलेला नाही.

सिनेमाचा पहिला खेळ अमरावतीत झाला, सकाळचा. आई माझ्या शेजारी बसली होती. अकोल्याहून जमीरभाईंचे मंडपवाले, बाळापूरहून गफूरचाचा, आणि मागच्या रांगांमध्ये टेम्पो करून आलेली शेंदूरजनाघाटची माणसं. दुसरा वाघ आला तेव्हा थिएटर हसून लोळलं. सोफ्यावरच्या शापित राजाकडे कुणीतरी ओरडून नवरीची चौकशी केली. अजगर सोडला तर कशाचीच कुणाला भीती वाटली नाही, आणि अजगराचीही एकाच लहान मुलीला वाटली. जमीरभाई बाजूच्या भिंतीला टेकून उभे होते. पडद्याच्या योग्य बाजूने आपला सिनेमा पाहायला त्यांना खुर्ची नको होती.

मग पाऊस. विक्की आणि नायिका सुकलेल्या झाडांमधून पळाली. मी खुर्चीचा हात धरला. विक्की गुहेच्या दाराशी पोचला आणि वळला. त्याच्यामागे सगळी बाग पांढरी.

पुढच्या रांगांना काही कळलं नाही. ते पेटीची वाट पाहत होते. पण मागून एकदम शिट्ट्या सुरू झाल्या, टाळ्या, कुणी खुर्चीवर उभं राहिलं. मी वळून पाहिलं. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारणारे गजाननभाऊ होते. आणि त्या गोंधळावरून काकूंचा आवाज आला, फोनवर बोलतात तसा, "बाबू, सरक बाजूले! माही बाग दिसू दे!"

आई गडबडून गेली. "काय झालं गं? एवढं काय आहे त्यात?" तिने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. आई साधी आहे, पण नजर माझी तिच्याकडूनच आली असावी. ती माझ्या कानाशी आली. "अगं, आत्ता तर ही झाडं वाळकी होती ना? तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," मी म्हणाले.